बादलची पाळी

कस्तुराबाई पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती एका शनिवारी दुपारी, चर्चमध्ये. निवृत्तीनंतर मी गावाबाहेर, मिशनच्या मागच्या ओळीत घर घेतलं होतं. मुलांच्या शिकवणीसाठी चर्चची बाजूची खोली मिळेल असं फादरांनी कळवलं होतं, ती बघायला मी गेले. बाक रिकामे होते. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि मधल्या वाटेत पन्नाशीची एक उंच, हाडापेरानं रुंद बाई फरशी पुसत होती. पुसता पुसता ती बोलत होती.

"मोहनसिंग भाऊ, पाय वर घ्या. हां, तसे. हिरीबाई, तुयी पिशवी उचल वं. किती मोठी पिशवी हे! मिस्साले आली का बाजाराले?"

मला वाटलं, फोनवर बोलत असेल. पण तिच्या एका हातात फडकं होतं आणि दुसरा हात जमिनीला टेकलेला. ती प्रत्येक बाकापाशी थांबे, माणसाला पाय उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ देई आणि मगच फडकं आत सारी. मला बघून ती दचकली नाही, लाजलीही नाही.

"या मास्तरीनबाई. भिताडाच्या कडंनं या, तिथं वाळलं हाय."

पुढे कळलं की मोहनसिंग नावाचे गृहस्थ त्या बाकावर बसत हे खरं, पण त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. हिरीबाई मात्र हयात होती आणि दर रविवारी तशीच मोठी पिशवी घेऊन मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत होती. कस्तुराबाई दोघांत फरक करत नसे. ओळख वाढल्यावर एकदा मी तिला विचारलंच, "जे नाहीत त्यांना कशाला पाय उचलायला सांगता?"

"मंग?" ती म्हणाली. "ओले नाही का होनार?"

आमच्याकडच्या कॅथलिक घरांची ही वस्ती लहान आहे. बरेच जण भाजीपाल्याचे मळे करतात, काही जण हंगामात बाहेर कामाला जातात. चर्च चालतं ते या घरांच्या जिवावर, आणि त्यातही कस्तुराबाईच्या घराच्या. फरशी आणि वेदीवरची फुलं तिच्याकडे. फुलं तिच्याच वावरातली, झेंडू आणि शेवंती. नवरा भगवंतराव सतरंज्या अंथरी, माइक लावी आणि मिस्सा संपली की सगळं घडी करून ठेवी. मुलगी तनुजा गाणाऱ्यांत पुढे. सून निता रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देई. मी शाळेत आयुष्य काढलं, त्यामुळे सांगते, मुलांना ओरडल्याशिवाय गप्प करणारी माणसं फार थोडी असतात. निता त्यांतली होती.

भगवंतराव फारसे बोलत नसत. पण नवीन आलेले फादर जोजी केरळचे होते आणि मराठी पुस्तकावरून शिकलेले. ते वेदीवरून म्हणत, "आपण कृपया आसनस्थ व्हावे," की भगवंतराव शेजारच्याकडे बघून हळूच सांगत, "बस म्हनते." तेवढंच त्यांचं आठवड्याचं बोलणं, असं कस्तुराबाई म्हणे.

या घरातला पाचवा माणूस बादल, कस्तुराबाईचा मुलगा, निताचा नवरा. मी राहायला येण्याच्या बऱ्याच आधी तो बोअरच्या गाडीवर कामाला गेला होता. त्या गाड्या गावोगाव फिरत विंधन विहिरी खोदतात, पोरं महिनोन् महिने त्यांच्याबरोबर असतात. तेलंगणाच्या हद्दीत एका पुलावरून पाणी वाहत असताना गाडी पुढे काढली आणि ती वाहून गेली. बरोबरच्या दोघांची प्रेतं सापडली. बादल सापडला नाही. निताच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं नव्हतं.

हे सगळं मला वस्तीतल्या लोकांकडून कळलं. कस्तुराबाई त्याच्याबद्दल बोले ती गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी.

त्या घरातली संध्याकाळची प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली ती मेथीची जुडी आणायला गेले तेव्हा. कस्तुराबाई म्हणाली, "बसा जराशा. माळ झाली का देते." मी दाराशी बसले. आत कोनाड्यात मारियामातेची लहान मूर्ती, पुढे मेणबत्ती. जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक मण्याला एकजण प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणतो, 'नमो मारिये' पासून. बाकीचे उरलेला अर्धा म्हणून उत्तर देतात, 'पवित्र मारिये' पासून. या घरात पाच माणसं आणि पाच भाग, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली होती. पहिली भगवंतरावांची, एका सुरात, खाली मान घालून. दुसरी कस्तुराबाईची. तिसरी तनुजाची, ती बोलतानाही अर्धवट गातच असे.

मग चौथी पाळी आली आणि कोणीच काही बोललं नाही.

मला वाटलं, कुणी तरी विसरलं. चौघंही मान खाली घालून बसली होती. भिंतीकडे एक सतरंजीचा तुकडा अंथरलेला होता, त्यावर कोणी नव्हतं. मेणबत्ती जळत होती. पहिला अर्धा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला आणि चौघांनी एकदम, एका श्वासात सुरुवात केली, "पवित्र मारिये, देवाच्या माते..."

पुन्हा शांतता. पुन्हा चौघांचं एकदम उत्तर. असं दहाही मणी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, कोणी खाकरत नव्हतं, कोणाचा हात हलत नव्हता. मग पाचवी पाळी निताची, ती भरभर म्हणून मोकळी झाली.

मेथी देताना कस्तुराबाई म्हणाली, "चौथी बादलची हाय."

मी घरी आले आणि शिक्षिकेसारखा विचार केला. पाढे म्हणणाऱ्या वर्गाला लय सापडते. मी मध्येच थांबले तरी पोरं बरोबर एका वेळी पुढचा आकडा म्हणतात. या घरात हे वर्षानुवर्षं चाललेलं, तेव्हा तसंच असणार. त्या विचारानं मला बरं वाटलं.

पण पुढे मी मधूनमधून तिथे बसू लागले, आणि ती शांतता रोज सारखी नसे. एकदा ती इतकी तोकडी होती की चौघांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. माळ संपल्यावर कस्तुराबाई पदरात तोंड घालून हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"भूक लागली होती त्याले. गिळल्यावानी म्हनत होता."

"लहानपणापासून तसाच," तनुजा म्हणाली. निता उठून आत गेली.

थंडीत एकदा उलट झालं. दोन मणी नीट झाले आणि तिसऱ्याला शांतता लांबली, थांबली, पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटली. शांतता थांबली आणि पुन्हा सुरू झाली, हे वाक्य मी विद्यार्थ्याच्या वहीत लाल शाईनं खोडलं असतं. पण मला दुसरं लिहिता येत नाही. "खोकून राह्यला," कस्तुराबाई पुटपुटली, आणि उत्तर देऊन झाल्यावर म्हणाली, "मफलर नेला नाही त्यानं."

आणि मग एके संध्याकाळी मी स्वतःला ऐकलं. मी त्यांच्या धर्माची नाही, ती प्रार्थना मी कधी पाठ केलेली नव्हती, नुसती कानांवरून गेलेली. चौथी पाळी चालू होती, मी दाराशी बसून अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते. तेवढ्यात माझे ओठ हलले. "पवित्र मारिये," मी म्हणाले, बरोबर त्यांच्याबरोबर, ना आधी ना नंतर. मला कोणी खूण केली नव्हती. पण कुणाचं तरी बोलून झालं आहे आणि आता आपण बोलायचं, एवढं मला कळलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस मी मेथी बाजारातून आणली.

निताला मागणं आलं ते याच सुमारास. कामरगावचा वीरेंद्र मोटारपंप दुरुस्त करी, याच चर्चच्या धर्मग्रामातला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. चर्चचा माइक बिघडला की तो येई, आणि पुढे पुढे माइक जरा जास्तच बिघडू लागला. सगळ्या वस्तीला कळलं होतं. भगवंतरावांनाही कळलं होतं, कारण एकदा ते म्हणाले, "माइक चांगला हाय. पोट्टाही चांगला हाय."

पण नवरा कदाचित जिवंत असेल अशा बाईचं दुसरं लग्न चर्चमध्ये लागत नाही. नवरा वारला असावा असं आधी बिशपांकडून ठरावं लागतं, आणि ते ठरवताना घरच्यांना विचारतात. फादर जोजींनी निताला समजावून सांगितलं, की आईचं म्हणणं फार महत्त्वाचं. आईच जर म्हणाली, माझा मुलगा जिवंत आहे, तर पुढे जाणं कठीण. वीरेंद्र थांबायला तयार होता. त्याची आई तयार नव्हती. तिनं नाताळापर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं.

म्हणजे सगळं कस्तुराबाईच्या एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द ती देत नव्हती.

ऑक्टोबर महिन्यात आमच्याकडे मारियामातेची मोठी मूर्ती घरोघर जाते. रोज संध्याकाळी एका घरातून उचलायची, गाणी म्हणत पुढच्या घरी न्यायची आणि तिथे सगळ्यांनी मिळून माळ म्हणायची. कस्तुराबाईच्या घरची पाळी आली तेव्हा अंगण भरलं होतं. मीही गेले. सगळी वस्ती जात असताना एकटीनं घरात बसणं मला जमेना. वस्तीला ते घर ठाऊक होतं. फादर जोजींना ठाऊक नव्हतं.

चौथी पाळी आली आणि अंगण गप्प झालं. फादरांनी मान वर केली. कुणाला शब्द आठवत नसतील असं त्यांना वाटलं असावं. आपण म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सगळं अंगण एका आवाजात उत्तर देऊ लागलं. फादरांच्या तोंडूनही तेच निघालं. मी त्यांच्याकडे बघत होते. पुढचे नऊ मणी ते डोळे उघडे ठेवून बसले होते, अंगणात भिंतीकडेला अंथरलेल्या त्याच सतरंजीच्या तुकड्यावर नजर लावून, आणि प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत होते.

नंतर चहा झाला. फादर कपबशी घेऊन माझ्या शेजारी आले.

"मॅडम," ते मला हळूच म्हणाले, "मी उत्तर दिले. परंतु कोणाला दिले?"

मी म्हटलं, "मीही देते, फादर. मलाही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कस्तुराबाईकडे गेले. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती, मी मदतीला बसले होते. फादरांनी नम्रपणे विचारलं, "कस्तुराबाई, आपल्या पुत्राविषयी आपले प्रामाणिक मत काय आहे?"

"माहं मत?" तिनं जुडीला गवताची गाठ मारली. "तो मेला असता तं पाळी कोन करते? काल तुमीच तं उत्तर देल्लं. मेलेल्याले उत्तर देता का तुमी?"

फादर खाली पडलेली एक जुडी तिच्या हातात देऊन निघाले.

ते गेल्यावर निता माझ्या घरी आली. पाटावर बसली, पदराचा शेव पिळत राहिली.

"मॅडम, तुमाले वाटत असन का मले ऐकू येत नाही म्हनून मी पळून राह्यली. मले सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येते. मी त्या सतरंजीच्या पुढं बसते. त्याचा श्वास मानेवर लागते."

"गार?" मी नकळत विचारलं.

"ना गार, ना गरम. ओला."

तिनं पदर सोडला आणि मानेवरून हात फिरवला.

"आईंना हे सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचा पोरगा बुडाला, त्याचा श्वास ओला हाय, असं सांगू? ते माय हाय, मॅडम. मीनंच नाही तं कोनं तिले जपाव?"

तिनं ते घर सोडून जावं याचं आणि तिथेच राहावं याचं, दोन्ही कारणं त्या बोलण्यात होती.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी मी तिथेच होते. दिवेलागण झाली, कस्तुराबाईनं हात धुतले, मेणबत्ती पेटवली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "चला वं पोरींनो, बादल वाट पाहून राह्यला."

निता चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली, आवाज न चढवता.

"आई, तो कधी वाट पाहे? आपन त्याची वाट पाहो."

"म्हंजे?"

"जिता होता तेव्हा एक दिवस तरी माळेले वेळेवर आला का? पानठेल्यावरून वढून आना लागे. तुमी चप्पल घेऊन जात. दोन पाळ्या झाल्या का हा दारात, तोंडात तंबाकूचा खर्रा."

तनुजाला हसू आलं, तिनं ते दाबलं. कस्तुराबाईही हसली. "हाव, लय मार खाल्ला त्यानं माळेपायी."

"आन् आता?" निता पुढे आली. तिच्या हाताला पीठ होतं. "आता किती वर्सं झाली, एक खाडा नाही. पावसात नाही, सनावाराले नाही. आपन बसाच्या आधी तो बसून असते. असा कोनता जिता मानूस असते, आई? तुमीच सांगा. बादल असा होता का?"

कस्तुराबाई सुनेकडे बघत राहिली. रागावलेली नव्हती. शाळेत एखाद्या हुशार मुलीला तिचं उत्तर चुकलंय हे फळ्यावर दिसतं, तेव्हा तिचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता.

भगवंतराव सतरंजीवर बसत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राह्यली." आणि त्यांनी आपली पाळी सुरू केली.

पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीला शांतता आली, ठरल्या वेळी, आणि ठरल्या वेळी संपली. तिघांनी उत्तर दिलं. मीही दिलं. कस्तुराबाईनं दिलं नाही. ती मान थोडी तिरपी करून ऐकत होती, दूध उतू जाण्याआधी आपण कान देतो तशी. दहा मणी तिनं नुसते ऐकले. शेवटच्या मण्यानंतर ती स्वतःशीच म्हणाली, "हाव. लयच वेळेवर हाय."

सकाळी ती फादरांकडे गेली, मला बरोबर घेऊन. बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "माहा पोरगा मेला, फादर. जिता असता तं उशीर केला असता."

फादर जोजींनी विचारलं, "हे मी बिशपांना कसे कळवू?"

"तुमच्या पुस्तकी मराठीत कळवा," ती म्हणाली. "मले जसं आलं तसं मी सांगतलं."

दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना असते. वस्ती कबरस्थानात जमते, कबरी झाडून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात आणि प्रत्येक घर आपल्या माणसांची नावं मोठ्यानं सांगतं. कस्तुराबाईनं सासू सांगितली, सासरा सांगितला, मग थोडी थांबली. निता तिच्या मागे उभी होती. "बादल," कस्तुराबाई म्हणाली. तिथे त्याची कबर नव्हती, म्हणून हातातली मेणबत्ती कुठे ठेवावी तिला कळेना. शेवटी भगवंतरावांनी ती घेतली आणि आपल्या बापाच्या कबरीवर, कडेला लावली.

त्या संध्याकाळी तिनं मला बोलावलं. "आज बसा आमच्याजवळ," एवढंच म्हणाली.

भिंतीकडे सतरंजीचा तुकडा नेहमीसारखाच अंथरलेला होता. चौथी पाळी आली. शांतता झाली. पहिला अर्धा म्हणण्याइतका वेळ गेला असावा, पण कोणी उत्तर दिलं नाही. कोणालाच कळेना कधी बोलायचं. माझ्या ओठांनाही कळेना. गोठ्यातली साखळी वाजली, मेणबत्तीचं मेण ओघळून कोनाड्यावर थिजलं. तनुजानं घाबरून आईकडे बघितलं. ती शांतता आता नुसती शांतता होती, आणि इतकी वर्षं ती तशी नव्हती हे मला तेव्हा कळलं.

मग कस्तुराबाईनं सुरुवात केली. "नमो मारिये," ती म्हणाली, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. मुलाची पाळी तिनं स्वतःवर घेतली होती. पहिला अर्धा संपला आणि उत्तर आलं.

त्या उत्तराबद्दल मला जे ठाऊक आहे तेवढंच लिहिते. तनुजाचा आवाज होता, निताचा होता, माझा होता. आणि भिंतीकडून एक पुरुषी आवाज होता, इतरांपेक्षा थोडा मागून, घाईघाईनं गाठणारा. तो भगवंतरावांचा नव्हता. भगवंतराव माझ्या समोर बसले होते आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडत होते.

कस्तुराबाई थांबली नाही. तिनं दहाही मणी पुरे केले. दहाव्याला भिंतीकडून काही आलं नाही.

बिशपांकडचा निर्णय ईस्टर उलटल्यावर आला. वीरेंद्रच्या आईनं कुरकुर करत तोपर्यंत वाट बघितली. लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं. निताची सख्खी आई हयात नाही, तेव्हा त्या जागी कोण उभं राहणार असं फादरांनी विचारलं. कस्तुराबाई आधीच तिथे जाऊन उभी होती. निरोपाच्या वेळी ती वीरेंद्रला म्हणाली, "पोरगी रागावली का बोलत नाही, आवाज कमी करते. तवा समजून घेजो." मग गाडी निघाल्यावर चर्चच्या पायरीवर बसून ती खूप रडली. आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

सध्या कस्तुराबाई कामरगावला, निताच्या घरी आहे. निताला मुलगी झाली. बाळाला रोज सकाळी न्हाऊमाखू तीच घालते.